एक डोकं कमी

ती. ताईस,

तुझ्या शेपटाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण सध्या मी खाली गेलो की वर यायला शिपाईमामा लागतात, तेव्हा हा उभ्याउभ्या मानून घे. (कमरेचं काय झालं ते पुढे येईलच. घाबरण्यासारखं काही नाही, हसण्यासारखं मात्र आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, ते तू मागच्या वेळी लिहिलं होतंस. पण तुझं उत्तर म्हणजे माझंच पत्र लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवलेलं, त्यामुळे गुडघे समासात राहिले आणि माझं सगळं लक्ष चुकांकडे गेलं. एका पानात अकरा चुका आणि दहापैकी चार गुण! ताई, मी मुख्याध्यापक आहे गं. येत्या मे महिन्यात निवृत्त होणारा का असेना, पण मुख्याध्यापक. पस्तीस वर्षं लोकांच्या मुलांना गुण वाटले आणि घरात मला पाचाच्या वर कुणी कधी नेलं नाही. भाची, जावईबापू आणि नातू मजेत असतील. इकडे हिची तब्येत बरी आहे. ती म्हणते, पत्रं कसली लिहिता, ताईंना सरळ फोन करा. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? 'जेवलास का' इथे सुरू होतं, 'बरं, ठेवते' इथे संपतं, आणि मधलं सगळं तूच बोलतेस. म्हणून पत्र. बाकी काम काही नाही, सहज लिहितोय.

आपल्या शाळेची खबर द्यायची होती. आपली म्हणजे तीच. चार खोल्या, एक व्हरांडा, पाण्याची टाकी आणि वाऱ्याशिवाय आपोआप उघडणारं चौथीच्या वर्गाचं दार. बदलीचा अर्ज करकरून मी नोकरीची शेवटची तीन वर्षं इथे आलो, तेव्हा सगळ्यात आधी त्या दाराला हात लावून पाहिला होता. तू त्याला पाटीचा तुकडा लावून ठेवायचीस. आता आम्ही जुन्या पुस्तकांचा गठ्ठा लावतो, तरी उघडतं. तर ही शाळा बंद व्हायच्या बेतात आहे. वरून पत्र आलंय की ज्या शाळेचा पट वीसच्या खाली, ती जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करावी. ही 'जवळची' साडेतीन किलोमीटरवर आहे आणि मधे हमरस्ता आडवा येतो. आमचा पट एकोणीस. पंधरा तारखेला, सोमवारी सकाळी साडेदहाला, तपासणीच्या बाई येऊन डोकी मोजणार आहेत. एक डोकं कमी भरलं की कुलूप.

तू म्हणशील, आपल्या वेळी एकेका बाकावर चार-चार जण कोंबलेले असायचे, मुलं गेली कुठे? तर ऐक. आमचा पट हा गेली तीन वर्षं मजल्यांवर चालायचा. समोरच्या मैदानात (तेच, जिथे तू माझा सदरा धरून मला झोपाळ्यावरून खाली खेचलं होतंस) एक सात मजली इमारत उठायला लागली. पाया खणला तसे बांधकामावरचे लोक आले, त्यांची मुलं आमच्याकडे आली. पहिल्या मजल्याला पट अडतीस, चौथ्याला सत्तावन्न, सातव्याला एकाहत्तर! मी रोज सकाळी दारात उभा राहून विटा मोजायचो आणि खूश व्हायचो. ती इमारत कसली आहे, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही. इतकी वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' म्हणून कानीकपाळी ओरडलो आणि स्वतः एक प्रश्न विचारायचा विसरलो. रंग लागला, पाटी चढली, आणि ती निघाली शाळा. खाजगी, लिफ्टवाली. इमारत पूर्ण झाली म्हणून बांधकामवाल्यांची चौतीस मुलं पुढच्या कामावर गेली, आणि शाळा सुरू झाली म्हणून आमची उरलेल्यांतली अठरा रस्ता ओलांडून तिकडे गेली. एकाहत्तरातून दोन्ही वजा कर. (तू एव्हाना केलंही असशील.) आमच्याच मुलांच्या आईबापांनी डोक्यावरून विटा वाहून आमच्यासमोर ती उभी केली, आणि मी बिनडोक आतून टाळ्या वाजवत होतो.

या एकोणीस जणांची माहिती आता वर पाठवायची असते. तक्ता आहे चौदा पानांचा, म्हणजे प्रत्येक मुलामागे पाऊण पान. पहिलीत नऊ, दुसरीत सहा, तिसरीत तीन आणि चौथीत एक. वरच्या लोकांना सगळं टक्क्यांत लागतं. चौथीतली ही एकुलती एक मुलगी वर्गात पहिली येते, शेवटचीही येते आणि सरासरीही तीच असते. गेल्या महिन्यात तिला गालगुंड झाले तर चौथीची उपस्थिती शून्य टक्क्यांवर आली आणि 'संपूर्ण वर्ग गैरहजर राहण्याची कारणे कळवा' असं पत्र आलं. मी कळवलं, संपूर्ण वर्गाचे गाल सुजले आहेत. तिसरीचं तर विचारूच नकोस. तिथे तळाच्या दहा टक्के मुलांसाठी जादा तास घ्या, असा आदेश आहे. तिघांचे दहा टक्के म्हणजे एका मुलाचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी तुकडा. मी आणि आमच्या धाकट्या बाई (शाळेतल्या दुसऱ्या आणि शेवटच्या शिक्षिका, वय सत्तावीस, आवाज पन्नास मुलांचा) एक दुपारभर बसलो आणि शेवटी असं ठरवलं की तिघांनाही थोडं थोडं थांबवून घ्यायचं. आता तिघंही जादा तासाला हौसेनं थांबतात, कारण तेव्हा बाई गोष्ट सांगतात, आणि तळात राहण्यासाठी त्यांच्यात चुरस लागली आहे.

मग रकाना येतो मातृभाषेचा. एकोणीस मुलांच्या घरी मिळून सात भाषा. दुसरीतल्या एकाची आई एक बोलते, बाप दुसरी, आजी तिसरी, आणि तो स्वतः घाबरला की चौथी. रकान्यात मात्र एकच मावते. यावर मी एक नियम काढला. भांडण कुठल्याही भाषेत करा, पण माझ्याकडे तक्रार आणायची ती पुस्तकाच्या भाषेत, पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट. सहा महिन्यांत सगळ्यांची भाषा इतकी सुधारली की काही जण मुद्दाम भांडण उकरून काढतात. भाषेत आमचा निकाल शंभर टक्के आहे, पण वागणुकीच्या रकान्यात काय लिहू, ते तूच सांग.

पण मला तुला त्या चौथीच्या मुलीबद्दल सांगायचंय. बांधकामावरच्यांपैकी हे एकच कुटुंब मागे राहिलं. बाप समोरच्या शाळेचा पहारेकरी झाला आणि आई तिथेच लाद्या पुसते. मुलगी मात्र आपल्याकडे, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या मुलानं धाकटं भावंड आणलेलं चालत नाही. ही आणते. तीन वर्षांचा आहे, नाक कायम वाहतं, हिच्या कडेवर बसून येतो आणि दिवसभर तिच्या बाकाखाली डस्टर चोखत बसतो. ती एका हातानं भागाकार करते आणि दुसऱ्या हातानं त्याला खडू खाण्यापासून अडवते. मागच्या खेपेला तपासणीच्या बाई पेनाच्या टोपणानं डोकी मोजत निघाल्या आणि 'वीस! वा, भरले की हो' म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच विसावं डोकं बाकाखालून बाहेर आलं आणि त्यांच्या साडीला नाक पुसून परत आत गेलं. बाई स्वभावानं वाईट नाहीत. हसल्या, पण वहीत एकोणीसच लिहिलं. शाळा त्या साडेतीन किलोमीटरवर गेली की ही मुलगी घरी बसणार. भावाला घेऊन हमरस्ता ती ओलांडणार नाही, आणि त्याला टाकून जाणार नाही. तिनं मला तसं सांगून टाकलंय, पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट.

तेव्हा विसावं मूल शोधायला मी आणि धाकट्या बाई दारोदार फिरलो. पहिल्याच घरी तिथल्या बाईंनी दार किलकिलं करून 'आमच्याकडे आहे पाणी शुद्ध करायची मशीन' म्हणून लावून घेतलं. दुसऱ्या घरी मूल होतं, पण ते लिफ्टवाल्या शाळेत जातं आणि त्याला तिथे फक्त लिफ्ट आवडते. किराणा दुकानदार फार भला माणूस. म्हणाला, नातवाला कायमचं नाही देता येणार, पण तपासणीच्या दिवशी दोन तासांसाठी घेऊन जा. धाकट्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुकानातल्या साबणांकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, असं आपल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि ती अक्षरं मीच रंगवली आहेत. नाही म्हणालो. मग इस्त्रीवाल्याकडे जुळी असल्याचं कळलं तेव्हा आम्ही अक्षरशः पळत गेलो. जुळी होती, गोडही होती. पण पहिलीला सहा पूर्ण लागतात आणि या दोघांचं मिळून नऊ होतं.

आणि आता कंबर. तक्त्याच्या शेवटच्या पानावर मागितलं होतं, 'शाळेच्या स्थापनेपासून दर पाच वर्षांचा पट'. जुनी हजेरीपुस्तकं कपाटावर, तू पाहिलेल्या त्याच कपाटावर. मी स्टुलावर चढलो. स्टूलही तेव्हाचंच असावं. वरून एक गठ्ठा ओढला, तो आला, स्टूल गेलं, आणि मी फरशीवर उताणा, छातीवर साठ वर्षांची मुलं. शिपाईमामा चहाला गेलेले. हाक मारली तर पहिलीतल्या नऊ जणांनी दारातून डोकावून पाहिलं आणि 'सर झोपले' असं एकमेकांना सांगून, शहाण्यासारखं, आवाज न करता निघून गेले. उठता येईना, तेव्हा पडल्यापडल्या वाचत बसलो. ताई, काय सांगू तुला. मोठ्या गुरुजींचं ते टपोरं अक्षर! चौथी, पट शेहेचाळीस, नावापुढे बापाचा धंदा: गवंडी, शिंपी, हमाल, पुन्हा हमाल, रखवालदार, सुतार. तेव्हाही आपली शाळा अशाच लोकांच्या मुलांची होती. गुणांच्या पानावर गणितात पहिली कोण, ठाऊक आहे ना? पन्नासपैकी पन्नास, हजेरी क्रमांक एकतीस. त्या एकतीस क्रमांकाच्या ओळीत आणखीही काही सापडलं. (ते नंतर. किंवा राहू दे.)

त्या पानावर पडून मला तो दिवस आठवला. तू तो कधी काढत नाहीस आणि मी काढायला भितो. आईला गिरणीतली पाळी लागली होती, आणि तू मला कडेवर मारून शाळेत आणायचीस, म्हणून तर सगळा वर्ग मला तुझं शेपूट म्हणायचा. मी बाकाखाली. मला आठवतात ते फक्त पाय, बाकांखालचे शंभरेक पाय, आणि त्यांत तुझी उजवी टाच, जिला मी धरून बसायचो. गुरुजींना सगळं माहीत होतं. ते नेमके त्याच बाकाकडे पाठ करून शिकवायचे. मग एक दिवस काळ्या कोटातले साहेब आले, छडीनं डोकी मोजू लागले. गुरुजींनी मला आणखी आत सरकवलं, तुम्ही तिघी-चौघींनी समोर पाय लावून भिंत केली. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस भरले. साहेब खूश. ते म्हणाले, आता हजेरी घ्या. एकेक नाव, एकेक 'हजर'. इतके 'हजर' ऐकून माझ्याच्यानं राहवेना. शेवटचं नाव झालं, सगळं शांत झालं, आणि मी तुमच्या पायांतून वाट काढून बाहेर आलो आणि छाती पुढे काढून ओरडलो, 'हजर!' आई म्हणायची, मी आयुष्यात स्पष्ट उच्चारलेला तो पहिला शब्द. साहेबांनी छडी माझ्या डोक्यावर टेकवली आणि सत्तेचाळीस म्हणाले. एक डोकं जास्त. दुसऱ्या दिवसापासून आपण दोघंही घरी.

तीन वर्षांनी मी पाटी घेऊन त्याच दारातून आत गेलो. तू बाहेरूनच परत फिरलीस, कारण तोवर तू घर चालवत होतीस. माझी गणितं तू चुलीपाशी बसून सोडवायचीस, माझी पुस्तकं माझ्याआधी तू वाचायचीस, आणि निबंधात माझ्या चुका काढायची तुझी सवय तेव्हापासूनची. मी मास्तर झालो ते तुझ्या पाठीवरून. मी गप्प राहिलो असतो तर तू शिकली असतीस. हे पंचावन्न वर्षं मनात आहे आणि तोंडातून निघत नाही. पहिला शब्द इतका महाग पडला की पुढचे जपून वापरावेसे वाटतात. माफ कर असं म्हणायचं होतं. म्हटलं एकदाचं.

असो. अर्ध्या तासानं शिपाईमामा आले, त्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं आणि 'सर, हे वय आहे का स्टुलावर चढायचं' म्हणाले. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत आणि रोज झाडावर चढून घंटा पुसतात. तू काळजी करू नकोस, लेप लावलाय. गुडघ्यांना शेक देत जा. पत्र तपासलंस तर या वेळी हात जरा सैल सोड. भाचीला आशीर्वाद, नातवाला माझा धपाटा.

तुझं,
शेपूट

ता. क. काम काही नाही असं वर लिहिलंय. ते खोडून वाच. त्या एकतीस क्रमांकाच्या ओळीचं सांगायचं राहिलं. सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर लाल रेघ मारायची आणि शाळा सोडल्याचा दाखला दिल्याची तारीख घालायची, असा नियम आहे. त्या वर्षी नऊ मुलं गेली, आठ नावांवर रेघ आहे. तुझ्या नावावर नाही. दाखला तू नेला नाहीस, गुरुजींनी नाव काढलं नाही. नवं पुस्तक आलं की मागल्या पुस्तकातली नावं उतरवायची, पण तुझं ते राहून गेलं असेल. म्हणजे हिशेबानं तू आजही या शाळेच्या चौथीत आहेस, फक्त बरेच दिवस आली नाहीस. पंधरा तारखेला, सोमवारी, साडेदहाला येशील का?

ता. क. २. नियमाचं मी पाहून ठेवलंय. वयाच्या रकान्यात 'किमान सहा पूर्ण' लिहिलंय, कमाल लिहायला विसरलेत. मी तुझं चौसष्ट घालून पाहिलं, संगणकानं घेतलं. तपासणीच्या बाई हरकत घेतील हे नक्की. मग मी लेखी कारण मागणार, त्या वर विचारणार, वरचे आणखी वर विचारणार, आणि कागद खाली येईपर्यंत मे उजाडेल. तोवर ती मुलगी चौथी पास झालेली असेल आणि तिचा भाऊ अंगणवाडीत बसण्याएवढा. मला तेवढंच हवंय. तू तिच्याच बाकावर बसायचंस. तिला सांगितलं तर तिनं दोनच प्रश्न विचारले: आजींना भागाकार येतो का, आणि आता माझा पहिला नंबर जाणार का. मी म्हटलं, हो, आणि हो. ती कालपासून अभ्यासाला लागली आहे. बाकाखाली जो असेल त्याला टाच धरू दे.

ता. क. ३. विचार करून कळव असं लिहिणार होतो, पण तक्ता कालच पाठवून दिला. पट वीस लिहिलाय. जावईबापूंना मी परस्पर फोन केला होता, ते तुला गाडीनं आणून सोडणार आहेत आणि त्यांनी तुला सांगायचं नाही असं ठरलंय, तेव्हा त्यांना बोलू नकोस. मला यासाठी दहापैकी शून्य दे. पण त्या ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. बाकी आठांपुढे गुरुजींनी 'गाव बदलले', 'कामास लागला' असं काय काय लिहिलंय. तुझ्यापुढे एकच शब्द आहे, पेन्सिलीनं, आणि पुसट झाला म्हणून त्यांनी तो पुढे कधीतरी शाईनं पुन्हा गिरवलाय. 'येईल.'